अण्णांच्या हत्यारपेटीची तीन कुलपं

अण्णांची हत्यारपेटी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर तीन कुलपांच्या जागा होत्या आणि चावी एकही नव्हती. झाकणाचं कुलूप बंद होतं. खालच्या चाकांच्या कपाटाचं कुलूप अर्धवट फिरून तिथेच बसलं होतं. मायक्रोमीटर (बारीक जाडी मोजायचं हत्यार) ठेवायच्या लहान खणाला तर नुसतं भोक होतं. कुलूप कधी निघून गेलं ते घरात कुणालाच आठवत नव्हतं.

कऱ्हाडला हायवेलगत त्यांचं ट्रकचं गॅरेज होतं. ही पेटी त्यांनी 1971 मध्ये पुण्याच्या जुन्या बाजारात डिस्पोजलचा माल म्हणून घेतली, ट्रकच्या टपावर बांधली आणि घरी आणली. जाड पत्रा, मिलिटरी हिरवा रंग, वर झाकणाची पेटी, खाली पाच खणांचं कपाट. बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी तेव्हाच निघालेली. तिच्या रिबिटांची दोन भोकं तेवढी आहेत. मी स्वतः भोसरीला एका कारखान्याच्या टूलरूम स्टोअरला 22 वर्षं काढली, त्यामुळे माप घ्यायची सवय हाताला आहे. तरीही या तीन कुलपांना एक वर्ष गेलं. जे कळलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण अशा पेट्या अजून कितीतरी घरांच्या मागच्या पडवीत आहेत आणि त्यांचा शेवट बहुधा एकाच प्रकारे होतो. चावी सापडत नाही, कुणीतरी छिन्नी लावतो, पत्रा फाटतो, आणि पेटी किलोच्या भावाने जाते.

कुलूप खरंच गेलंय का?

नवीन कुलूप शोधायला निघण्याआधी जुन्याची नीट तपासणी करा. दहातली निम्मी कुलपं मेलेली नसतात, चिकटलेली असतात. आमच्या गॅरेजात कुलूप अडकलं की पोरं त्यात खोबरेल सोडायची, कारण हाताशी तेच असायचं. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरच्या सकाळी कुलपातल्या बारीक पत्त्या मेणात रुतल्यासारख्या बसतात, आणि एप्रिलमध्ये तेच तेल पातळ होऊन ब्रेकची आणि रस्त्याची सगळी धूळ धरून ठेवतं. दहा-वीस वर्षांत आत काळी खळ तयार होते. त्यात आणखी तेल घालणं म्हणजे खळीत पाणी ओतणं.

त्यापेक्षा आधी धुवा. रंगाच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाइन घ्या, इंजेक्शनच्या सिरिंजने चावीच्या भोकात सोडा, जुन्या टूथब्रशने बाहेरून घासा, पाच-सहा तास थांबा, पुन्हा सोडा. निघणारं पाणी काळ्याचं स्वच्छ होईपर्यंत हे करायचं. मग पूर्ण सुकू द्या. आसपास बिडी, शेगडी काही नको. सुकल्यावर तेल घालू नका, ग्रॅफाइट घाला. ग्रॅफाइटची डबी मिळाली नाही तर चित्रकलेची 6बी पेन्सिल सँडपेपरवर घासा आणि तो भुगा चावीवर चोळून चावी आत-बाहेर करा. चावीच नसेल तर भुगा कागदाच्या नळीतून आत फुंका. खालच्या कपाटाचं कुलूप मला एवढ्यावरच पुन्हा फिरतं झालं. ते तरीही बदलावं लागलं, ते पुढे सांगते, पण निदान आतल्या खणांची कुलूपपट्टी मोकळी झाली.

चावीवाल्याकडे काय न्यायचं आणि काय विचारायचं

झाकण बंद होतं, म्हणजे आतून काही काढता येत नव्हतं. शेजारचे एक गृहस्थ ड्रिल घेऊन आले होते. मी त्यांना चहा दिला आणि ड्रिल परत पाठवलं. बंद पेटीवर पहिला हक्क चावीवाल्याचा, आणि तोही बसून काम करणाऱ्या चावीवाल्याचा. मशीनवर चावीची नक्कल काढणारे आता चौकाचौकात आहेत, पण नमुना नसताना कोरी चावी घासून बनवणारे कमी आहेत. विचारायचा प्रश्न एकच: "नमुना नाही, कुलूप बंद आहे, जागेवर येऊन चावी घासाल का?" जो लगेच "तोडावं लागेल" म्हणतो त्याला नमस्कार करून पुढे जायचं.

मला मिळाले ते काका साठीचे असतील. त्यांनी आधी मलाच विचारलं, "ताई, पेटी कुणाची?" मी अण्णांचा फोटो दाखवला, ज्यात ते याच पेटीला टेकून उभे आहेत. मला तो प्रश्न फार आवडला. जो चावीवाला असं विचारत नाही, त्याच्याकडे मी घराची चावी करायला देणार नाही.

काम बघण्यासारखं होतं. हे कुलूप लिव्हरचं होतं, म्हणजे आत तीन पितळी पट्ट्या एकावर एक आणि भोकाच्या मध्ये एक बारीक खिळा; त्याची चावी पोकळ दांडीची लागते. काकांनी खिळ्याची जाडी बघून दांडी निवडली, कोऱ्या चावीचं पातं मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काजळी बसवली, आत घालून हलकं फिरवलं आणि बाहेर काढलं. लिव्हर जिथे घासले तिथे काजळी पुसली गेली होती. तेवढ्याच जागी कानस, पुन्हा काजळी, पुन्हा आत. चाळीस मिनिटांनी झाकण उघडलं. 250 रुपये घेतले. पत्र्यावर एक ओरखडा नाही.

तुमचं कुलूप पिन किंवा पत्तीचं असेल, म्हणजे चपटी दातेरी चावी लागत असेल, तरी हीच रीत चालते. आणि कुलूप सुटत असेल तर पेटी नेण्यापेक्षा कुलूप काढून न्या.

आधी नंबर बघा

हे मी तिसऱ्या क्रमांकावर लिहिते आहे, पण करायचं पहिल्यांदा. कुलपाच्या तोंडावर, चावीच्या भोकाशेजारी, किंवा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नंबर ठोकलेला असतो. ओल्या फडक्याने पुसून, टॉर्च तिरका धरून, भिंगातून बघा. खडूची पूड चोळून पुसली तर कोरलेले आकडे पांढरे दिसतात. अमेरिकन पेट्यांना हा नंबर म्हणजे चावीचा पत्ताच असतो. ओहायोतल्या व्हॅन वर्टच्या केनेडी कंपनीच्या (1911 पासूनची), त्याच राज्यातल्या डेटनच्या गर्स्टनरच्या लाकडी (ही 1906 ची), किंवा क्राफ्ट्समनच्या पेट्या तिकडच्या कारागिरांकडे पिढ्यानपिढ्या फिरतात, आणि नंबर वाचता आला तर त्यावरून चावी मागवता येते. माझा भाचा डेट्रॉइटजवळ असतो. त्याने कुणाच्या तरी घरासमोरच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून क्राफ्ट्समनची पेटी घेतली, नंबर कळवला आणि आठवड्याभरात दोन चाव्या टपालाने आल्या. त्याला कुलूप बदलावंच लागलं नाही. तुमच्या पेटीवर नाव असेल आणि तिकडे कुणी नातेवाईक असेल तर हा रस्ता आधी चाचपा.

मात्र तो नंबर दिसेल असा फोटो कुणाला दाखवत फिरू नका. नंबरावरून तुम्हाला चावी मिळते, तशी ती दुसऱ्यालाही मिळते.

माझ्या पेटीवर नाव नाही, आणि खालच्या कुलपावरचे चारपैकी दोन आकडे झिजलेले. म्हणून मला मापाचा रस्ता धरावा लागला.

झाकणाचं कुलूप: बदलू नका, उघडा

चावी झाली तरी झाकणाचं कुलूप पाच वेळांतून दोनदा अडकायचं. नवीन घ्यावं म्हणून मी आतून चार स्क्रू काढले आणि कुलूप हातात घेतलं, तर त्याची पाठ दोन स्क्रूंवर होती. जुन्या लिव्हर कुलपांचं हे मोठं सुख आहे, बहुतेकांना उघडता येतं. उघडण्याआधी फोटो काढा, आणि प्रत्येक लिव्हर काढताना कागदावर ओळीने 1, 2, 3 असं मांडून ठेवा. क्रम चुकला तर चावी लागत नाही.

आत तीनपैकी एका लिव्हरची स्प्रिंग तुटलेली होती. स्प्रिंग म्हणजे नखाएवढी पातळ पट्टी, लिव्हरच्या चिरेत बसवलेली. तिचं काम लिव्हरला परत खाली दाबणं. ती नसली की लिव्हर कधी पडतो, कधी वरच राहतो, म्हणून कुलूप कधी लागतं, कधी नाही. मायक्रोमीटर लावून दुसऱ्या स्प्रिंगची जाडी मोजली: 0.25 मिलिमीटर. आता एवढ्या पातळ, लवचिक पोलादाचा तुकडा आणायचा कुठून? तो पेटीतच होता. अण्णांच्या फीलर गेजमध्ये, म्हणजे बारीक फटी मोजायच्या पातळ पात्यांच्या संचात, 0.25 चं पातं मधोमध तुटलेलं होतं. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स लावताना त्यांनी ते हजारदा वापरलं असेल. त्यातून पत्रा कापायच्या कात्रीने तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी कापली, कडा तेलदगडावर घासल्या, गोल नाकाच्या पकडीने हलकासा बाक दिला. कोपरा मोडून वाकवू नका. हे पोलाद कडक असतं, कट्कन तुटतं. आणि तापवू तर अजिबात नका, लवचिकपणा जातो. चिरेत बसवून चिरेचे ओठ पकडीने हलके दाबले. लिव्हर पुसले, ग्रॅफाइट लावलं, झाकलं. तेव्हापासून एकदाही अडकलेलं नाही.

तुमचं पेटीचं कुलूप दुरुस्तीपलीकडे गेलं असेल तर मोजायचं हे: वरच्या कडेपासून चावीच्या खिळ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर, कुलपाच्या पाठीची लांबी-रुंदी, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, आणि झाकणावरचा कोयंडा कुलपात शिरतो त्या चिरेची लांबी. यातलं पहिलं माप सगळ्यात महत्त्वाचं, कारण पेटीच्या पत्र्यातलं चावीचं भोक हलवता येत नाही. अशी पेटीची कुलपं अजून अलीगढहून येतात. हार्डवेअरच्या जुन्या दुकानात "ट्रंकेचं नाही, पेटीचं, आतून बसणारं" असं म्हणून मागा. कोयंडा नेहमी नव्या कुलपासोबतचाच घ्या. जुन्या कोयंड्यात नवी जीभ बसली तरी अर्धीच बसते.

खालचं कुलूप: इथे माप म्हणजे सर्व काही

खालच्या कपाटाला उजव्या कोपऱ्यात एकच कुलूप आहे. चावी फिरवली की मागची जीभ एका उभ्या पट्टीला उचलते आणि त्या पट्टीचे पाच आकडे पाचही खण एकदम धरतात. दुकानात याला कॅम लॉक म्हणतात. वरचा खण बाहेर काढला की हात आत जातो, मागचं नट सुटतं, कुलूप पुढून निघतं. माझं नट गंजून बसलं होतं. गंज सोडवायचं तेल रात्रभर ठेवलं आणि सकाळी पाना लावला. कुलूप धुतल्यावर फिरत होतं, पण जीभ टोकाला चिरली होती आणि आतल्या पत्त्या इतक्या झिजल्या होत्या की स्क्रूड्रायव्हरनेही फिरायचं. ते बदलणं भाग होतं.

पहिल्यांदा मी जुनं कुलूप पिशवीत टाकून थेट बाजारात गेले आणि "असंच द्या" म्हटलं. दिसायला अगदी तसंच मिळालं. घरी येऊन बसवलं तर चावी उलट्या दिशेला फिरायची. पट्टी वर जायच्या ऐवजी खाली दाबली जायची आणि खण जाम. पुढच्या खेपेला मी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर सगळी मापं लिहून नेली. तुम्ही पहिल्याच खेपेला न्या.

पत्र्यातल्या भोकाचा आकार आधी बघा. ते पूर्ण गोल असतं, एका बाजूने चपटं असतं, किंवा समोरासमोर दोन बाजूंनी चपटं. चपट्या बाजू कुलपाला जागेवर धरून ठेवण्यासाठी असतात. त्या नसतील तर चावीबरोबर अख्खं कुलूपच फिरतं आणि नट ढिलं होतं. माझं भोक 19 मिलिमीटर व्यासाचं आणि चपट्या बाजूंमध्ये 16. हे माप चांगलं प्रचलित आहे. जुना माल इंचांतला असल्यामुळे व्हर्नियरवर (माप घ्यायच्या सरकत्या पट्टीवर) विचित्र आकडे आले तर गोंधळू नका: पाऊण इंच म्हणजे 19.05, पाच अष्टमांश म्हणजे 15.9, सात अष्टमांश म्हणजे 22.2. मिलिमीटरचं कुलूप त्यात अंगासरशी जातं.

मग कुलपाची नळी, म्हणजे भोकातून आत जाणारा भाग: तिची लांबी टोपीच्या, म्हणजे बाहेर राहणाऱ्या रुंद तोंडाच्या, खालून शेवटापर्यंत. आखूड घेतलं तर जीभ पट्टीपर्यंत पोचत नाही, लांब घेतलं तर खणाच्या पाठीवर आपटते. मग जीभ: स्क्रूच्या मध्यापासून टोकापर्यंत किती, सरळ आहे की मध्ये पायरी दिलेली, पायरी किती मिलिमीटरची. जिभेचं चौकोनी भोक किती. चावी पाव फेरा फिरते की अर्धा, घड्याळाच्या दिशेने की उलट. आणि चावी कोणत्या स्थितीत बाहेर निघते, फक्त बंद असताना की दोन्हीकडे. गॅरेजसाठी मी बंद असतानाच निघणारं सांगेन. म्हणजे पेटी उघडी टाकून चावी खिशात घालून निघून जाता येत नाही.

जिभेचा स्क्रू जुनाच जपून ठेवा. अमेरिकन पेटीतला स्क्रू 8-32 चा, म्हणजे इंची आट्यांचा, असू शकतो. तो दिसायला आपल्या मिलिमीटरच्या एम4 सारखाच असतो. एम4 त्याच्या भोकात दोन-तीन आटे सैल जातो आणि मग अडकतो. जोर लावला की आटे गेले.

कुठे जायचं

इथे माझे दोन रविवार वाया गेले, कारण मी फर्निचर हार्डवेअरच्या दुकानांत शोधत होते. तिथे "ड्रॉवरचं लॉक" म्हटलं की मल्टीपर्पज लॉक पुढे करतात, चौकोनी पाठीचं, चार स्क्रूंचं. ते प्लायवूडच्या जाडीसाठी असतं. एक मिलिमीटरच्या पत्र्यावर ते बसत नाही. बसवायला गेलात तर पत्र्याला चार नवी भोकं पडतात आणि कुलूप पुढे अर्धा इंच बाहेर येतं. पत्र्याच्या पेटीला पत्र्याचंच कुलूप हवं, आणि ते इलेक्ट्रिकल पॅनलचं सामान विकणाऱ्यांकडे असतं. पॅनलचे दरवाजे, पत्र्याचे लॉकर, टपालपेट्या, सगळ्यांना हीच नळीची कॅम लॉक लागतात. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात, मुंबईत लोहार चाळीत विचारा. हत्यारांच्या आणि मशिनरीच्या सामानासाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीट. लहान गावात असाल तर पॅनल बनवणाऱ्या किंवा स्टीलची कपाटं बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये जा; त्यांच्याकडे खोकीभर कुलपं पडलेली असतात आणि एखादं सुटं द्यायला ते तयार होतात.

दुकानदाराला पुठ्ठा दिला आणि म्हटलं, "शेठ, 19 ची नळी, दोन्ही बाजू चपट्या, पत्रा एकचा, पाव फेरा, जीभ 38 ची, पायरी 6 ची." त्यांनी वर बघितलं आणि आतून वेगळं खोकं काढलं. त्यातल्या एका कुलपाबरोबर सुटी जीभ वेगळी मिळाली. जीभ आणि कुलूप वेगवेगळं मागता येतं हे लक्षात ठेवा. सगळं जुळणारं एकसंध कुलूप शोधत बसण्यापेक्षा नळी जुळणारी घ्या, जीभ नंतर बघता येते.

पहिल्या खेपेच्या उलट फिरणाऱ्या कुलपाचाही उलगडा त्याच दुकानात झाला. जिभेच्या मागे एक वायसर असतो, त्याला एका बाजूला खाच किंवा दात असतो. तोच फेरा कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो ते ठरवतो. तो काढून पाव फेरा फिरवून बसवला की दिशा बदलते. शेठनी दोन मिनिटांत करून दाखवलं. म्हणजे पहिलं कुलूप फेकायची गरज नव्हती. ते आता माझ्या घराच्या मीटरच्या पेटीला आहे.

जुन्या बाजाराचं वेगळं. पुण्यात तो बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोर बाजाराच्या मटन स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, तेव्हा वार बघून निघा. तिथे मापाचं कुलूप मागून मिळत नाही. मोडलेल्या पेट्या, जुने लॉकर, फाइलींची कपाटं बघत जायचं आणि व्हर्नियर लावत जायचं. कुलूप चावीसकट असेल तरच घ्या, आणि चावी तिथेच दहा वेळा फिरवून बघा.

दोन कुलपं एका चावीची हवी असतील तर पाकिटं उघडून चाव्यांवरचे नंबर जुळवा. स्वस्त कॅम लॉकमध्ये चाव्यांचे प्रकार फार थोडे असतात, त्यामुळे जोडी पटकन मिळते. यातला धोकाही समजून घ्या. आमच्या कारखान्यात चार जणांचे लॉकर एकाच चावीने उघडायचे आणि हे कळायला एकाचं घड्याळ जावं लागलं. पेटीत मायक्रोमीटर, डायल असं महाग काही असेल आणि जागा चार जणांच्या वावराची असेल, तर थोडे पैसे जास्त देऊन गोल चावीचं, नळीच्या तोंडाचं कुलूप घ्या. तरीही पत्र्याच्या पेटीचं कुलूप पहार घेऊन आलेल्याला थांबवत नाही. त्याच्यासाठी खोलीचं दार भक्कम करा.

बसवताना

भोक मोठं करू नका. हे मी अगदी कळकळीने सांगते. पत्रा एकदा कापला की परत येत नाही, आणि उद्या बरोबर मापाचं कुलूप मिळालं तरी त्याला जागा उरत नाही. नळी भोकापेक्षा बारीक असेल तर दीड मिलिमीटरच्या पत्र्याचा वायसर करा: बाहेरून भोकापेक्षा मोठा, आतून नळीच्या आकाराचा, चपट्या बाजूंसकट. तो पत्र्याच्या मागे ठेवून जुन्याच एखाद्या रिबिटाच्या किंवा स्क्रूच्या जागी अडकवा, म्हणजे कुलूप फिरणार नाही.

जीभ लांब असेल तर हॅक्सॉने कापून टोक कानसीने गोल करा. आखूड असेल तर दोन मिलिमीटरच्या पट्टीतून नवी बनवा. मध्ये चौकोनापेक्षा थोडं लहान गोल भोक पाडा आणि बारीक चौकोनी कानसीने कोपरे काढा. दर चार घासांनी कुलपावर घालून बघत जा, चौकोन ढिला झाला तर जीभ डुलते. पायरी द्यायची तर व्हाइसमध्ये धरून दोन ठिकाणी वाकवा.

आणि पहिली चाचणी खण बाहेर ठेवून करा. कुलूप लावा, पट्टी उचलली जाते का ते डोळ्यांनी बघा, कुलूप काढा, पट्टी परत पडते का बघा. वीस वेळा. मग एक खण आत, मग सगळे. झाकणाचं कुलूपही झाकण उघडं ठेवून, कोयंडा हाताने आत घालून तपासा. नवी चावी लगेच दुसऱ्याकडे नेऊन नक्कल करून घ्या आणि नक्कल चालते का तेही बघा. जादा चावी पेटीच्याच खणात ठेवणारे मी पाहिले आहेत. माझी जादा चावी कऱ्हाडच्या घरी देवघराच्या खणात आहे, तिला पत्र्याचा बिल्ला आहे आणि बिल्ल्यावर फक्त "खालचं" एवढंच ठोकलेलं आहे.

काढलेलं जुनं कुलूप टाकू नका. त्याचं नट, वायसर, स्क्रू, सगळं एका डबीत. मी डबीवर मापं लिहून ती खालच्या खणात ठेवली आहे. माझ्यानंतर कुणी हे उघडेल त्याला परत पुठ्ठा करावा लागू नये.

तिसरं भोक

राहिलं मायक्रोमीटरच्या खणाचं. त्याचं भोक 17.5 मिलिमीटर, म्हणजे अकरा सोळांश इंच, आणि फक्त वरच्या बाजूला चपटं. 19 ची नळी जात नाही. 16 ची जाते, पण चहूबाजूंनी पाऊण मिलिमीटर मोकळी राहते, आणि तिच्या दोन चपट्या बाजू एका चपट्या भोकात धरत नाहीत. मागे वायसर लावून 16 चं बसवता येईल, मी करूनही पाहिलं, चालतं. पण टोपी लहान पडते आणि भोकाची कड एका बाजूने दिसत राहते. या खणात अण्णा दुसऱ्या कुणाला हात घालू द्यायचे नाहीत. तिथे मला तसं कुलूप नको आहे.

म्हणून सध्या तिथे पितळेची एक चकती आहे, मीच कातून घेतलेली, मागून नटाने धरलेली, म्हणजे धूळ जात नाही. पुठ्ठा पर्समध्ये असतो: 17.5, वरून चपटी, नळी 22, जीभ सरळ 25. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी जुन्या बाजारात एक फेरी मारते. गेल्या वेळी एका मोडक्या फाइलींच्या कपाटावर 17.4 सापडलं होतं, चावी नव्हती. या वेळी चावीवाल्या काकांना सोबत येता का विचारलंय.